ट्रॉलीमागचा लाल दिवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या आणि लेकरे असा सारा संसार असतो. परदेशात कित्येक लोक हौसेने चाकांवरचे घर घेऊन हिंडतात. आमच्या मजुराचे घर पोटासाठी चाकांवर चढते. अशी ट्रॉली रात्री करंजी घाटात असताना मागचा लाल दिवा बंद असेल, तर मागून येणाऱ्या मोटारीला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. कामगार चळवळीतील माणसांनी विजेच्या तारांवर का बोलावे, याचे उत्तर यातच आहे.

प्रथम वीज कोणत्या वाटेने जाते ते पाहू. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्या धन टोकाकडून वीज फ्यूजच्या पेटीतून व स्विचमधून मागच्या सॉकेटपर्यंत येते आणि तेथून ट्रॉलीच्या बल्बमध्ये जाते. परतीची वाट लोखंडी सांगाड्यातून ऋण टोकाकडे असते. तिला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. दोन्ही वाटा अखंड असतील तरच दिवा लागतो.

फ्यूज हा या वाटेवरचा पहारेकरी होय. मागचे साधे दिवे ५ वॅटचे दोन व ब्रेकचे २१ वॅटचे दोन धरले, तर एकूण ५२ वॅट होतात. त्यांना १२ भागले की सुमारे साडेचार अँपिअर येतात. बॅटरी मात्र, तार उघडी पडून लोखंडाला टेकली तर, शेकडो अँपिअर देऊ शकते. अशा वेळी फ्यूज वितळतो आणि तार वाचते. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा जाड तार घातली, की फ्यूजऐवजी तारेवरचे आवरण वितळू लागते. आणि शेजारी वाळलेले पाचट असते!

आता दोष शोधण्याचा क्रम. इंजिन बंद ठेवून काही तासांनी बॅटरी मोजावी. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली. १२ च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा सुमारे १४ पर्यंत चढला नाही, तर बॅटरी चार्ज होत नाही असे समजावे. टोकांवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो सोड्याच्या गरम पाण्याने धुवावा. बॅटरी सोडताना ऋण टोक आधी काढावे, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडणार नाही. जवळ विडी पेटवू नये, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

पुढे टेस्ट लॅम्पचे एक टोक सांगाड्याला लावून दुसरे फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेकवावे. एकाच बाजूला उजेड पडला तर फ्यूज गेला. नवा फ्यूजही लगेच गेला तर ट्रॉलीची केबल पाहावी. हुकाजवळ ती घासून उघडी पडते. फ्यूज चांगला असून दिवे मंद असतील किंवा इंडिकेटरबरोबर लाल दिवाही लुकलुकत असेल, तर बहुधा अर्थ कच्चा असतो. हुकावरच्या ग्रीस व गंजातून परतीची वीज नीट जात नाही; म्हणून अर्थाची स्वतंत्र तार सॉकेटमधून आणावी. गाण्याचे मोठे कर्णे काही जण फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडतात. तेथेही बॅटरीलगत फ्यूज हवाच.

हे सारे पाना, टेस्ट लॅम्प आणि मूठभर फ्यूज एवढ्यावर होते. अडते ते जबाबदारीपाशी. वाहनमालक चालकाकडे बोट दाखवतो, चालक मुकादमाकडे. आणि ट्रॉलीत बसलेल्या बाईला कोणी विचारतच नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे: गावातून टोळी निघताना आणि कारखान्याच्या काट्यावरून ट्रॉली सुटताना दिवे लावून पाहावेत, लागले नाहीत तर गाडी सोडू नये आणि त्या खोळंब्याचा भुर्दंड मजुरावर पडू नये. श्रोत्यांपैकी ज्यांचे गॅरेज वा सुट्या भागांचे दुकान आहे, त्यांनी दसऱ्यापूर्वीचा एक दिवस या तपासणीसाठी द्यावा, अशी आमची विनंती आहे.