इस्त्रीतला राखणदार

इस्त्रीवरचा तो लहानसा लाल दिवा कधी नीट पाहिलाय? इस्त्री चालू केली की लागतो, थोड्या वेळानं आपोआप विझतो, मग परत लागतो. तुम्ही बटणाला हातही लावलेला नसतो. मग ही उघडझाप करतं कोण? साध्या इस्त्रीत चिप नसते, सेन्सर नसतो, कसलाही हिशोब करणारं काही नसतं. तरीही आतलं कुणीतरी तापमानावर पहारा देतंय.

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावात घरातल्याच एका खोलीत शिवणकाम चालतं. मशीन, तिच्या पायाशी कात्रणांचा ढीग, दोरीवर फॉल-पिकोला आलेल्या साड्या, टेबलावर चौघडी केलेली चादर आणि चादरीवर इस्त्री. हजार वॉटची ती वस्तू कापडाच्या गराड्यात रोज तापते, आणि बहुतेक दिवशी काहीही पेटत नाही. मला तर नवल याचंच वाटतं.

हा पहारेकरी म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची पट्टी. एक नव्हे, एकमेकींना चिकटवलेल्या दोन पट्ट्या. एक पितळेची, दुसरी पोलादाची समजा. तापले की दोन्ही धातू लांबतात, पण पितळ जास्त लांबतं. आता बैलजोडी डोळ्यांसमोर आणा. एक बैल चपळ, दुसरा सुस्त, आणि दोघे एकाच जुवाला बांधलेले. बंडी कुठं वळेल? सुस्त बैलाच्या बाजूला. पट्टीचंही तसंच होतं. पितळ पुढं धावतं, पोलाद मागं राहतं, सुटका दोघांनाही नाही, म्हणून अख्खी पट्टी पोलादाच्या बाजूला वाकते.

किती वाकते, ते ऐका. पाच सेंटीमीटरची पट्टी 180 अंशांनी तापली तर दोन धातूंच्या लांबीत फरक पडतो जेमतेम 0.06 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. पण पट्टी एक मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचं मोकळं टोक दोन मिलिमीटरहून जास्त सरकतं! नजरेला न दिसणारा फरक तीस-चाळीस पट मोठा होऊन बाहेर येतो. वीजजोडणी उघडायला तेवढं पुरतं. जोडणी उघडली, दिवा विझला. तळ निवला, पट्टी सरळ झाली, दिवा लागला.

हे सुचलं कुणाला? अठराव्या शतकात जॉन हॅरिसन नावाच्या इंग्लिश माणसाला. मूळचा सुतार, पुढं घड्याळजी. समुद्रावरची घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात मागंपुढं होत, ती चूक सुधारायला त्यानं ही जोडपट्टी वापरली. विजेच्या इस्त्रीचं पेटंट अमेरिकेत हेन्री सीलीनं घेतलं ते 1882 साली, पण आपोआप बंद होणारी इस्त्री घराघरांत यायला पुढं चाळीसेक वर्षं गेली. तोवर जहाजावरची युक्ती इस्त्रीची वाट पाहत होती म्हणायची.

या राखणदाराला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आपण स्वतः किती तापलो. खाली कापड कुठलं, इस्त्री उभी की आडवी, शिवणारी बाई खोलीत आहे की शेजारी गेली, याचा त्याला पत्ता नसतो. कापडाचं तापमान माणसानं सांगायचं. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात ना? एक ठिपका म्हणजे तळ 110 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. सुती अस्तराला तीन ठिपके चालतात. त्याच ब्लाऊजचं वरचं कापड पॉलिस्टरचं असेल, तर तेवढ्या आचेला ते चकाकायला लागतं, आणि 255 अंशांच्या पुढं चक्क वितळतं.

जुनी माणसं ठिपक्यांशिवायही आच ओळखायची. तळावर पाणी शिंपडायचं. थेंब चुर्र करून पसरला तर आच बेताची. थेंबाची गोळी होऊन तो टुणटुण नाचायला लागला तर तळ फारच तापलाय. उलटंच वाटतं, नाही? जास्त तापलं तर पाणी लवकर उडायला हवं. पण फार तापलेल्या धातूवर थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते, आणि तिच्यावर तरंगणारा थेंब जास्त वेळ टिकतो. जर्मनीच्या लायडेनफ्रॉस्ट नावाच्या वैद्यानं 1756 साली याचं वर्णन करून ठेवलंय. कोळशाची इस्त्री फिरवणाऱ्यांना ते न वाचताही ठाऊक होतं.

सुती कापड आपणहून भडकायला साधारण 400 अंश लागतात. तीन ठिपक्यांची इस्त्री 200 वर थांबते. मग धोका कुठाय? पहिला धोका जोडणीत. पट्टी उघडमीट करते तिथं दर वेळी बारीक ठिणगी उडते. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन कधीतरी दोन्ही टोकं एकमेकांना वितळून चिकटतात. आता पट्टी कितीही वाकू दे, वीज काही थांबत नाही. हजार वॉट अडवणारं कुणी नसलं तर तळ सेकंदाला अंश-दीड अंश चढू शकतो. 200 वरून 400 वर जायला काही मिनिटं पुरतात.

यासाठी बऱ्याच इस्त्र्यांत थर्मल फ्यूज असतो. ठरलेल्या तापमानाला आतला मसाला वितळतो आणि वीज कायमची तुटते. एकदाच कामी येणारा, स्वतः मरून घर वाचवणारा शेवटचा शिपाई. आणि आपण काय करतो? इस्त्री बंद पडली म्हणून दुरुस्तीला नेतो आणि ‘डायरेक्ट करून द्या’ म्हणतो. डायरेक्ट म्हणजे त्या शिपायाला काढून तिथं साधी तार जोडणं. वीस रुपयांची ही बचत मला तरी सगळ्यात महाग वाटते.

दुसरा धोका आपल्या भागाला चांगला ओळखीचा. इस्त्री चालू असताना लाईट जाते. इस्त्री आहे तशीच चादरीवर आडवी राहते, बटण चालूच राहतं. दिवा विझलेला, तळ थंड. बंद असल्याची सगळी लक्षणं. घरचे शेतात जातात किंवा झोपतात, आणि कधीतरी लाईट परत येते. म्हणून लाईट गेली की पहिला हात प्लगला! प्लग उपसायचा, इस्त्री टाचेवर उभी करायची, मग मेणबत्ती शोधायची.

तिसरा धोका भिंतीत. हजार वॉटची इस्त्री 230 व्होल्टला साधारण 4.3 अँपिअर वीज घेते. प्लग सैल असेल आणि टेकण्याच्या जागी एक ओहम जरी अडथळा आला, तरी तिथं 19 वॉट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग 25 वॉटचं असतं. म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकमध्ये आपण जवळपास एक सोल्डरिंग खुपसून ठेवलेलं असतं! गंमत अशी की डीपीतला एमसीबी यावर हूं की चूं करत नाही. त्याच्याही पोटात वाकणारी जोडपट्टीच असते, पण ती वीज जास्त वाहिली तरच वाकते. सैल प्लगनं वीज वाढत नाही, उलट किंचित घटते. इथं कामाला येतो तो आपला हात. प्लग काढताना पिन चटका देण्याइतकी तापली असेल किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल, तर सॉकेट बदलायचं. आणि मशीनची मोटर, पंखा नि इस्त्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नको. इस्त्रीला भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट द्यायचं.

आता त्या कात्रणांच्या ढिगाकडं वळू. कापूस नेहमी भडकतोच असं नाही, तो धुमसतो. ज्वाला नाही, फारसा उजेड नाही, आतल्या आत मिनिटाला काही मिलिमीटर निखारा सरकत राहतो. थोडी हवा त्याला पुरते, आणि भोवतालचा कापूसच उष्णता धरून ठेवतो. वऱ्हाडात जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. वरून विझलेली गाठ आतून जिवंत असते.

याचं सगळ्यात भयंकर रूप मुंबईनं पाहिलं. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी, आणि शेकडो टन स्फोटकंही. दुपारी धूर दिसला. पाण्याचा मारा झाला, पण आगीचं मूळ हाती लागेना. चारच्या सुमारास जहाज फुटलं आणि गोदी उद्ध्वस्त झाली. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

पाणी असूनही कापूस विझत का नाही? कारण कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गानंच मेणाचा पातळ थर चढवलेला असतो. पाणी वरून घरंगळतं, आत शिरत नाही. दवाखान्यातला कापूस पाणी पितो, कारण त्याचं मेण आधी काढलेलं असतं. म्हणून गादी-रजई धुमसली तर आधी मेन स्विच बंद करायचा, जमेल तर ती अंगणात ओढायची, उसवून मोकळी करायची आणि भिजवायची. जमण्यासारखं नसेल तर दार लावून बाहेर पडायचं आणि 101 किंवा 112 लावायचा. भिजवायच्या बादलीत चमचाभर कपडे धुण्याची पावडर टाकली, तर तेच पाणी मेण ओलांडून आत झिरपतं. अग्निशमन दलही कापसाच्या गाठींवर मारायच्या पाण्यात असंच भिजवणारं द्रव्य मिसळतं.