शत्रूच्या घरचा डबा

उन्हाळा लागला की आमच्या वस्तीत टँकरचा हॉर्न वाजायच्या आधीच कॅनची रांग लागलेली असते. कॅन आधी, माणसं नंतर! निळे, पिवळे, कुणाचा चेपलेला, कुणाच्या झाकणाला प्लॅस्टिकचा कागद बांधलेला. परवा शेजारची सून भरलेला कॅन उचलताना म्हणाली, ''काकू, ह्याला वर मूठ आहे ते एक बरंय हो. हंडा असता तर कंबर गेली असती.'' मी तिला म्हटलं, ''अगं, ह्या कॅनचा पणजोबा जर्मन सैन्यातला. इंग्रजांनी लढाईत पळवलेला.'' काकूंना ऊन लागलं की काय, अशा नजरेनं बघत राहिली ती माझ्याकडे.

मैत्रिणींनो, खोटं नाही सांगत. लढाई म्हटलं की आपल्याला तोफा न् तलवारी आठवतात. पण सैनिकालाही संसार असतोच की. पाणी, इंधन, चहा, भांडी. आणि आपल्याकडे नसलेलं शत्रूकडे दिसलं की तो ते उचलतो. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्याच ना! मेणवलीला गेलात तर बघा.

हा कॅन जर्मनांनी १९३७ च्या सुमारास तयार केला. वीस लिटरचा, पोलादी पत्र्याचा. वरती एक नाही, तीन मुठी. भरलेला असेल तर दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, रिकामे असतील तर एकाच हातात दोन मावतात. झाकण अडकवायचं, त्याला फिरकीच नाही, म्हणजे हरवायचं भय नाही. आत हवेची जागा ठेवलेली, त्यामुळे पेट्रोल भरलेला कॅन पाण्यात पडला तरी तरंगतो. मला तर वाटतं, हा बनवणाऱ्यानं कधीतरी घरात पाणी भरलं असणार!

आणि इंग्रजांकडे काय होतं? आपल्याकडे पंधरा किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा येतो ना, जवळजवळ तसाच पातळ डबा. आफ्रिकेच्या वाळवंटात, उसळणाऱ्या ट्रकमध्ये, तो जागोजागी गळायचा. मैलोन् मैल वाहून आणलेलं पेट्रोल वाळूत जायचं. वाळवंटात पेट्रोल संपणं म्हणजे गाडी थांबणं, आणि गाडी थांबणं म्हणजे पाणी संपणं. त्या डब्याचा खरा उपयोग एकच झाला : वरचा भाग कापायचा, आत वाळू भरायची, त्यावर पेट्रोल ओतून पेटवायचं आणि चहाचं आधण ठेवायचं. शिपायांनी त्या चुलीला बेंगाझी शहराचं नाव दिलं होतं. त्यामुळे जर्मनांचा एखादा कॅन हाती लागला की इंग्रज शिपाई तो जिवापाड जपायचा. जर्मनांना ते चेष्टेनं 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. पुढे इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी त्याची नक्कल करून कारखान्यांत लाखोंनी बनवले.

उचलाउचलीत मोठ्या वस्तूही होत्या. जानेवारी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांनी इटालियनांचे रणगाडे ताब्यात घेतले आणि तेच तोब्रुकच्या लढाईत इटालियनांवर घातले. आपलीच माणसं चुकून गोळा मारतील म्हणून त्यांवर पांढरे कांगारू रंगवले होते. त्याच वर्षी तोब्रुकला वेढा पडला, तेव्हा इटालियनांच्या टाकून दिलेल्या तोफा स्वयंपाकी आणि कारकून चालवत होते. नेम धरायची यंत्रं धड नाहीत, शिक्षण नाही, अंदाजानं डागायच्या. स्वयंपाकी तोफेवर! मीठ अंदाजानं घालणाऱ्याला तेही जमलं असणार.

जर्मन सेनापती रोमेलही कमी नव्हता. एप्रिल १९४१ मध्ये मेकिली इथं तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडचा पाडाव झाला, तिथं त्याला इंग्रजांच्या मोठ्या चिलखती गाड्या मिळाल्या. त्यातूनच तो पुढे फिरला. त्या गाड्यांना नावं दिली माक्स आणि मोरित्झ, जर्मन पोरांच्या चित्रकथेतल्या दोन खोडकर मुलांची. फोटोत त्याच्या टोपीवर दिसतो तो गॉगलही तिथलाच, इंग्रजांचा.

पण हे सगळं गमतीचं वाटतं ते इथं बसून. २० जून १९४२ ला त्यानं तोब्रुकवर मोठा हल्ला चढवला. ज्या बाजूनं तो आत घुसला, त्या बाजूला अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण उभी होती. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, आणि इंग्रजांच्या सुमारे दोन हजार गाड्या पेट्रोलच्या साठ्यासकट रोमेलच्या हाती गेल्या. त्याच गाड्यांत बसून तो इजिप्तवर चालून गेला. गाड्यांचा हिशोब पुस्तकांत सापडतो. घरी वाट बघणाऱ्या बायकांचा कुणी ठेवलाय?

हे मी रांगेत सांगत होते, तर मागच्या आजी पुढे सरकल्या. त्यांचे चुलतसासरे मराठा पलटणीत होते म्हणाल्या. ''लढाईतनं कार्ड आलतं. कैदेत हाय, खुशाल हाय, एवढंच. सासूबाईंनी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं, रोज हळदकुंकू वाहायच्या.''

पुढं ते परत आले का, हे मी विचारणार, तेवढ्यात टँकरवाल्यानं पाइप सोडला, आणि आम्ही दोघी आपापले कॅन घेऊन पळालो.