ओहोटी साधून चोडणला

फेब्रुवारीत चोडणला पक्षी पाहायला जायचे तर सूर्योदयाच्या वेळेपेक्षा भरती-ओहोटीचे कोष्टक आधी पाहावे. मांडवीच्या मुखाजवळच्या या गोमंतकीय बेटाभोवती पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. इथल्या पक्ष्यांचा दिनक्रमही त्याच बेताने चालतो. भर भरतीला चिखलपट्ट्या बुडतात आणि पक्षी खारफुटीत नाहीतर बांधांवर विसावतात. पाणी ओसरू लागले की चिखल इंचाइंचाने उघडा पडतो आणि टिलवे, तुतवार, चिखले त्यावर धावत सुटतात. ओहोटी लागून तासभर झाल्यावर पोहोचणे उत्तम.

पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात दलदलीवर बांधला. त्याच्या कडेच्या मिठागरांत शेकाटे लांब गुलाबी पायांवर उभे दिसतात, तेव्हा घाईने पुढे जाऊ नये. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सलीम अलींचे निधन 1987 साली झाले आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे 1.78 चौरस किलोमीटर.

आत शिरताच नदी आणि रान वेगळे काढता येत नाहीत. कांदळाची मुळे कमानीसारखी पाण्यात उतरलेली, तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली, त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारतात आणि खेकडे बिळाच्या तोंडाशी एकच मोठी नांगी हलवत बसतात. ही सगळी शिकार आयती मिळते म्हणून खंड्यांची इथे चंगळ असते. काळ्या टोपीचा, पांढऱ्या गळपट्टीचा, लांब जाड लाल चोचीचा, असे निरनिराळे खंड्ये एकाच फेरीत दिसू शकतात. काळ्या टोपीचा खंड्या तर डोळे भरून पाहावा असा: जांभळट निळी पाठ, तांबूस पोट, लालभडक चोच. नशीब असेल तर छोटा क्षत्रबलाक चिखलात संथ पावले टाकताना भेटतो. हा दुर्मीळ होत चाललेला मोठा करकोचा आहे. ओल्या काठावर पाणमांजरांच्या पावलांचे ठसेही शोधावेत.

हिवाळा सरतानाच का जावे, याचे उत्तर पक्ष्यांच्या पिसांत आहे. डिसेंबरात करडे-तपकिरी, एकमेकांसारखे दिसणारे पाहुणे आता विणीच्या रंगात येऊ लागतात. चिखल्यांच्या छातीवर विटकरी झाक चढते. तिबेटच्या पठारावर आणि लडाखच्या सरोवरांकाठी वीण करणाऱ्या कुरवांच्या पांढऱ्या डोक्यांवर तपकिरी टोपी येऊ लागते. लांबच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी साठवायची असते, त्यामुळे ते खाण्यात गढलेले असतात. म्हणूनच या दिवसांत त्यांच्या जवळ जाऊन त्यांना उडवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. दुर्बिणीने जेवढे दिसेल तेवढ्यात समाधान मानावे.

पण अभयारण्याच्या फाटकापाशीच फिरणे थांबवणाऱ्यांचे निम्मे चोडण पाहायचे राहते. खरी मौज खाजनांत आहे. खाजन म्हणजे खाडीतून बांध घालून मिळवलेली शेतजमीन. बांधाच्या तोंडाशी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीच्या पाण्याचा दाब आला की झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात, इतर वेळी मासे आणि कोळंबी, अशी ही शतकानुशतकांची व्यवस्था. ओहोटीला मानशीतून पाणी सुटते तेव्हा त्यासोबत मासळीही वाहत येते. बगळे, खंड्ये, पाणकावळे तिथे आधीच टपून बसलेले असतात. वरून ब्राह्मणी घार घिरट्या घालते.

बांध फुटला आणि डागडुजी झाली नाही तर खारे पाणी शेतात कायमचे ठाण मांडते, आणि उथळ ओल्या जमिनीवर पोट भरणारे पक्षी तिथून हटतात. अनेक खाजने आज लागवडीविना पडून आहेत. सीमारेषा आखून अभयारण्य राखता येते, खाजन मात्र दरवर्षी कोणीतरी चिखल थापून, झडपा बदलून राखावे लागते. गोव्यात पक्षी वाचवायचे असतील तर बांध राखणाऱ्या शेतकऱ्याला पैसा आणि मनुष्यबळ दोन्ही मिळायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

भरती परतून चिखल बुडू लागला की फेरीने माघारी येऊन करमळीच्या तळ्यावर जावे. भरतीचे पाणी तिथे पोहोचत नाही. शेतीसाठी पूर्वी माणसांनीच राखलेल्या या पाण्यावर अडया थव्याने असतात, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी पाणवनस्पतींवर वावरतात. तळे करमळी रेल्वे स्थानकाजवळच आहे. कोकण रेल्वेने परतणाऱ्यांनी गाडीच्या आधी दोन तास तरी हाताशी ठेवावेत.