पडदा काळा, पण चित्र शाबूत

शाळेच्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप पडलेला असतो. कळ दाबली की पंखा फिरतो, बारीक दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. ‘गेला’ म्हणून आपण तो भंगारात काढतो. त्याआधी एक साधी परीक्षा करा. खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका टाका. अंधूक अक्षरे दिसली, तर संगणक चालू आहे. बिघाड पडद्यामागच्या उजेडात आहे.

असे का होते? द्रव स्फटिकांचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्यात असंख्य बारीक झडपा आहेत असे समजा. विद्युतदाब बदलेल तशा त्या मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. १९८५ साली आलेल्या तोशिबा टी-११०० या लॅपटॉपला मागचा दिवा नव्हताच. कॅल्क्युलेटरसारखा तो खोलीतल्या उजेडावरच वाचावा लागे. नंतरच्या यंत्रांत दिवा आला. सुमारे २०१० पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा दिवा म्हणजे दोन-तीन मिलिमीटर जाडीची ट्यूबलाइटच होती. त्यानंतर तिची जागा एलईडीने घेतली.

या नळीत पाऱ्याची वाफ असते. वीज वाहू लागली की ती डोळ्यांना न दिसणारे जंबुपार (अतिनील) किरण देते. नळीच्या आतला लेप ते शोषून पांढरा प्रकाश देतो. याला अनुस्फुरण म्हणतात.

सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीला अल्कलीची जोड मिळाली की ती लाल होते, हे कुंकवाचे जुने रसायन. तीच हळद अनुस्फुरणही दाखवते. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळा. अंधारात, नोटा तपासण्याच्या जंबुपार दिव्याखाली ते द्रावण धरा. ते हिरवट-पिवळे चमकेल. (दिव्याकडे थेट पाहू नये, स्पिरिटजवळ ज्योत नको.) नळीतल्या लेपाचे कामही याच जातीचे आहे.

घरातल्या ट्यूबलाइटच्या टोकांना तापणारी तार असते. या बारीक नळीत ती नसते. म्हणून तिला चालू राहायला काहीशे व्होल्ट आणि पेटायला त्याहून जास्त, बहुधा हजाराच्या वर दाब लागतो. लॅपटॉपमधल्या थोड्या व्होल्टपासून हा दाब तयार करणारी लहानशी पट्टी म्हणजे इन्व्हर्टर.

आता दोष कसा ओळखायचा ते पाहू.

१. आधी उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा दाबून पाहा. झाकण मिटल्यावर दिवा बंद करणारे बटण बिजागरीजवळ असेल, तर ते अडकले नाही ना हेही पाहा.

२. झोतातही अक्षरे दिसत नसतील, तर बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आले तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. तिथेही नसेल तर तो बहुधा आतल्या मुख्य पट्टीत.

३. झाकण हलवताना उजेड येतो-जातो? बिजागरीतून जाणारी केबल झिजलेली असण्याचा संभव जास्त.

४. पडदा आधी लालसर-गुलाबी दिसतो आणि एक-दोन सेकंदांत काळा होतो? नळी म्हातारी झाली आहे. तिचा प्रवाह बिघडला की इन्व्हर्टर स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो.

५. उजेड क्षणभरही येत नाही? मग इन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा केबल यांचा संशय घ्यावा. १९९०च्या दशकाच्या आरंभीच्या यंत्रांत कपॅसिटर गळूनही असे होते.

तपासणी इथवर वर्गात करता येते. यापुढे यंत्र उघडणे मात्र जाणत्या कारागिराचे काम. चालू इन्व्हर्टरला हात लागला तर जोराचा झटका बसतो. नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. ती फुटल्यास खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढा. झाडू न मारता तुकडे हातमोजे घालून जाड कागदाने उचला, बरणीत बंद करा आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या.

दुरुस्ती परवडत नसेल तरी असे यंत्र बाहेरच्या मॉनिटरवर चालते. तेव्हा कपाटातला लॅपटॉप बाहेर काढा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहू द्या. आणि हळदीच्या जोडीला कुंकवाचे द्रावणही दिव्याखाली धरा. फरक दिसतो का, ते वहीत नोंदवा.