स्नेहमेळाव्यात जेवणाची वेळ पाळा

नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयात नरहर कुरुंदकरांची व्याख्याने ऐकलेली पिढी आज सत्तरीच्या घरात आहे. लातूरहून स्नेहमेळाव्यास निघताना ही मंडळी गोळ्या विसरत नाहीत; घोटाळा होतो तो जेवणाचा. सत्काराची भाषणे लांबतात (निवृत्त प्राध्यापकांची अधिकच!) आणि इन्सुलिन घेतलेल्या मधुमेहींची साखर उतरू लागते. दरदरून घाम, हातांना कंप, असंबद्ध बोलणे दिसताच सोबतच्यांनी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आयोजकांनी भोजन आधी, भाषणे नंतर ठेवावीत. दुपारचे इन्सुलिन मात्र पंगतीची वेळ नक्की झाल्याशिवाय घेऊ नये.