त्वचारोग आणि वनस्पती (भाग ६) : बाहियाचं लाकूड, गोव्याची पूड

मागच्या आठवड्यात आपण बावची आणि कोड यांच्याविषयी वाचलं. आज वळू सोरायसिसकडे. या रोगावरच्या एका जुन्या आणि भरवशाच्या औषधाच्या जन्मकथेत गोवा आणि मुंबई दोन्ही आहेत.

आधी रोगाविषयी थोडं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिन्याभरात आपल्याला न कळता गळून जातात. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारयंत्रणा बिघडते आणि हेच काम काही दिवसांत उरकलं जातं. कोपर, गुडघे, टाळू, पाठ अशा ठिकाणी जाड चट्टे उठतात आणि त्यांवर रुपेरी पापुद्रे धरतात. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही आजसुद्धा अनेक घरांत रुग्णाचा टॉवेल वेगळा, ताट वेगळं केलं जातं. याला कसलाही आधार नाही आणि खाजेइतकाच हा वेगळेपणा रुग्णाला छळतो.

आता ती पूड. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचं उंच झाड आहे. त्याच्या खोडातल्या भेगांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये एक पिवळट पूड साठते, हवा लागली की ती काळपट तपकिरी होते. झाड तोडून ही पूड खरवडणाऱ्या मजुरांचे डोळे सुजत, चेहरा भाजल्यासारखा होई. गोवा आणि ब्राझील दोन्ही पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. ज्या समुद्री वाटेने काजू आपल्याकडे आला, त्याच वाटेने ही पूडही आली. गजकर्णावर ती इतकी गुणकारी ठरली की हिंदुस्थानभर ‘गोवा पावडर’ याच नावाने खपू लागली. ती मुळात येते कुठून, हे मात्र घेणाऱ्यांना ठाऊक नसे. मुंबईतले औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ मध्ये तिच्याकडे इंग्लंडमधल्या औषधशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. पुढे बाहियातले डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी ओळख पटवली : गोव्याची म्हणून विकली जाणारी ही पूड म्हणजे आमचीच अरारोबा.

गजकर्ण हा बुरशीचा रोग, सोरायसिसचा बुरशीशी संबंध नाही. पण १८७६ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी हीच पूड सोरायसिसवर वापरली आणि चट्टे विरले. त्या काळात या रोगावर परिणामकारक असं फारच थोडं हाती होतं. म्हणून ही बातमी मोठी होती.

पुडीतला नेमका कोणता पदार्थ काम करतो? सुरुवातीला क्रायसोफॅनिक आम्लाचं नाव घेतलं गेलं. १८७८ मध्ये लीबरमान आणि सायडलर यांनी दाखवलं की पुडीतला मुख्य पदार्थ त्या आम्लाचा जवळचा नातलग आहे, पण ते आम्ल नाही. त्याला क्रायसारोबिन हे नाव मिळालं. दोघांच्या रेणूंत फरक एका कोपऱ्यातला. क्रायसारोबिनच्या मधल्या कड्यात एका कार्बनवर दोन हायड्रोजन आहेत, आम्लात त्याच जागी ऑक्सिजन बसलेला आहे. चिरलेलं वांगं जसं हवेने काळं पडतं, तसं क्रायसारोबिन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत राहतं आणि त्या गडबडीत अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. भरमसाट वाढणाऱ्या पेशींना हेच रेणू आवर घालतात. निरोगी त्वचा भाजतात तेही हेच, कपड्यांवर न निघणारे डाग पडतात तेही याच क्रियेतून. म्हणजे गुण घ्यायचा आणि दोष टाकून द्यायचा, अशी सोय या औषधात रसायनानेच ठेवलेली नाही.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत पोहोचेना. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी मग क्रायसारोबिनमधला एक मिथाइल गट वगळून तसाच रेणू प्रयोगशाळेत बनवला. गालेव्हस्की आणि उना यांनी १९१६ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. हेच डायथ्रॅनॉल, अमेरिकेत अँथ्रालिन. झाडाची गरज संपली. मला यातलं मोल वेगळ्याच गोष्टीत वाटतं : आता प्रत्येक डबीत किती औषध आहे हे सांगता येऊ लागलं. खरवडलेल्या पुडीत ते प्रत्येक झाडागणिक बदलत असे.

उरला प्रश्न भाजण्याचा. तो सुटायला आणखी कित्येक वर्षं गेली. लीड्सच्या इंग्रॅम यांनी १९५३ मध्ये आपली पद्धत मांडली. रोज डांबराच्या पाण्याने अंघोळ, मग अतिनील किरण, मग जस्ताच्या घट्ट लेपात कालवलेलं डायथ्रॅनॉल फक्त चट्ट्यावर. लेप घट्ट असल्याने औषध शेजारच्या त्वचेवर ओघळत नसे. उपाय गुणकारी, पण रुग्णाने रुग्णालयात मुक्काम करायचा. १९८० च्या दशकात यातून सुटका झाली. चट्ट्यावरची त्वचा कमकुवत असते, त्यामुळे औषध तिथे झटपट मुरतं. निरोगी त्वचेत मुरायला त्याला जास्त वेळ लागतो. मग अर्ध्या तासाच्या आसपास लावून धुऊन टाकलं तरी काम होतं आणि आजूबाजूची त्वचाही बरीचशी वाचते.

आता आपल्या अंगणातलं. कोकणात पहिल्या पावसात उगवणारा टाकळा आपण भाजी म्हणून खातो आणि त्याच्या बिया वाटून गजकर्णावर लावण्याची रीत जुनी आहे. त्या बियांत क्रायसोफॅनॉल आहे, म्हणजे वर आलेलं तेच क्रायसोफॅनिक आम्ल. यावरून ‘टाकळ्यात सोरायसिसचं औषध सापडलं’ असे संदेश फिरवले जातात. ते वाचून कुणी चालू उपचार थांबवू नयेत, असं मी कळकळीने सांगेन. क्रायसोफॅनॉल हे ऑक्सिजनशी आधीच जोडलं गेलेलं रूप आहे. सोरायसिसवर चालणारी क्रिया ज्या कार्बनवर घडते, तो कार्बन तिथे मोकळाच नाही. डायथ्रॅनॉलचंही असंच ऑक्सिडीकरण झालं की सोरायसिसवरचा त्याचा गुण जातो.

दुसरी काळजी ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून बिनलेबलच्या डबीत मिळणाऱ्या मलमांची. अशा काही मलमांत तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. चार दिवसांत चट्टा नाहीसा होतो, मलम थांबवलं की तो दुपटीने उसळतो, आणि दरम्यान त्वचा पातळ झालेली असते. घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर ती डबी घरी आणू नका. आणली असेल, तर डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या आणि किती दिवस लावली ते न संकोचता सांगा.

डायथ्रॅनॉल आज मागे पडलं आहे. ड जीवनसत्त्वाशी साधर्म्य असलेली मलमं आली, जैविक इंजेक्शनं आली, आणि डाग पाडणारं औषध रोज कोण लावणार? तरी मोजकेच जाड चट्टे असलेल्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ अजूनही ते सुचवतात, कारण स्टिरॉइडप्रमाणे त्याने त्वचा पातळ होत नाही. लावायचंच झालं तर हातमोजे घालून, अगदी कमी प्रमाणापासून सुरुवात करून, चेहरा आणि जांघा टाळून, जुने कपडे घालून.

पुढच्या भागात : चिनी वैद्यकातली नीळ आणि तैवानमध्ये तिच्यावर झालेल्या चाचण्या.