सिकलसेल चाचणी: नळीमागच्या ओळी काय सांगतात?

गडचिरोली, चंद्रपूरमध्ये आदिवासींसह अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. पहिल्या तपासणीला बोटातून घेतलेलं थेंबभर रक्त पुरतं. ‘सोल्युबिलिटी’ चाचणीत हे रक्त रसायनात मिसळून नळीमागे काळ्या ओळींचा कागद धरतात. सामान्य रक्त असेल, तर ओळी दिसतात. सिकल हिमोग्लोबिन मात्र विरघळत नाही. द्रावण गढूळ होतं आणि ओळी दिसेनाशा होतात.

पण ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रुग्णच, असं नाही! वाहकाचं द्रावणही गढूळच होतं. फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतो. वाहक सहसा निरोगी असतो. मात्र पती-पत्नी दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच दुसरी तपासणी टाळू नका, शक्यतो लग्नाआधीच करून घ्या.